एका खुर्चीचे दोन आदेश

समारंभाचे अध्यक्ष, संस्थेचे सर्वेसर्वा माननीय बाबूलालजी, व्यासपीठावरील प्रमुख पाहुणे, संस्थेचे संगणकतज्ज्ञ अमरजी, सत्कारमूर्ती रश्मी मॅडम, शिक्षकवृंद आणि चिखल्याच्या खाण वसाहतीतील पालकहो,

एकाच शिक्षिकेला एकाच वर्षात दोनदा निरोप देण्याचे भाग्य आणखी कुठल्या शाळेला लाभले आहे? जूनमध्ये आपण मॅडमना अड्याळच्या शाळेसाठी निरोप दिला. वार्ताहर या नात्याने मी बातमीही छापली. त्याच आठवड्यात मॅडम इथेच फळ्यासमोर उभ्या!

झाले ते एवढेच. अड्याळला खुर्चीत कामिनी मॅडम आधीच बसल्या होत्या. आदेश त्यांच्याही हातात, तितकाच खरा. तिथले मुख्याध्यापक यादोराव म्हणाले, "बाई, खुर्ची एक, आन् तुमी दोघी. मी का खुर्ची चिरून देऊ?"

हा चमत्कार अमरजींच्या बदली-प्रणालीचा. सगळे शिक्षक एकदम बटण दाबतील म्हणून त्यांनी तीन सर्व्हर लावले. प्रत्येकाने मूळ डेटाबेसमधून रिकाम्या जागांची नक्कल आणून उशाशी ठेवली. तिला म्हणे कॅश म्हणतात. एकाने अड्याळची जागा कामिनी मॅडमना दिली. दुसऱ्याच्या नकलेत ती रिकामीच, त्याने रश्मी मॅडमना दिली. शेजाऱ्याला सांगायचे नाही, आणि देण्यापूर्वी मूळ डेटाबेसमध्ये पाहायचे नाही. वेळ जातो ना!

आमचे न्यायशास्त्राचे गुरुजी सांगत, "जमिनीवर घडा नाही" असे म्हणायचे असेल तर आधी जमीन पाहावी लागते. अमरजींचा सर्व्हर जमीन न पाहताच घडा नाही म्हणतो, आणि वेगाचे पारितोषिक घेतो. मी तेव्हा विचारले, तर म्हणाले, "सर, लोड येऊन राहिला होता. स्पीड तर पाहा!" पाहिली. चूक क्षणात झाली, दुरुस्तीला दिवाळी उलटली.

तोवर मॅडमच्या आई, गोदावरीबाई, अड्याळला मांडीचे हाड मोडून खाटेवर आहेत. शेजारीण पाणी पाजते. लेक आज येईल, उद्या येईल. मॅडमनी बदली काय हवापालटासाठी मागितली होती?

आता तिथे दुसरी जागा निघाली, मॅडमना नवा आदेश मिळाला. मघा चहाच्या वेळी मी अमरजींना विचारले, "नकला आता ताज्या होतात ना?"

"होतात ना सर, रोज रात्री."

"आणि दिवसा दोघींनी बटण दाबलं तर?"

अमरजींनी बिस्कीट चहात बुडवले.

ते बुडते बिस्कीट पाहून मी यादोरावांना फोन लावला. म्हणाले, "खुर्ची रिकामी हाय. पन साकोलीच्या एका बाईचाबी फोन आलता. तिलेबी हाच आदेश भेटला. उद्या सकारी येतो म्हनते. जे पयले सही करन, तिची खुर्ची. मी कोनाले अडवू?"

तेव्हा मॅडम, उठा. सत्काराला थांबू नका. आपल्या प्रवीण सरांनी फाटकाशी मोटारसायकल काढली आहे, तिथली शाळा सुटायच्या आत पोचाल, आजच सही कराल. शाल वाटेत पांघरा. बाबूलालजींचे भाषण आम्ही ऐकून घेऊ, आम्हाला सवय आहे.

साकोलीच्या बाईंच्या घरीही कुणी खाटेवर असेल का? मला ठाऊक नाही, आणि तेच बोचते आहे. तीन यंत्रांनी एकमेकांना विचारायचे टाळले, म्हणून दोन बायांनी रस्त्यावर शर्यत लावायची!

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलेत, ऋणी आहे. माझ्या बोलण्यातले अधिकउणे सभेने पोटात घालावे. अमरजींच्या कामातले कुणी पोटात घालायचे, ते त्यांनी उद्या अड्याळच्या फाटकाशी उभे राहून, उशिरा पोचणाऱ्या बाईंना विचारावे.