वेसा क्लबच्या दुसऱ्या सभेआधी

“बोलायचं नसेल तर बोलू नकोस. पण फावडं घे.”

सन्माननीय अध्यक्ष राउनो, नगरपालिकेच्या क्रीडा विभागातून मुद्दाम आलेल्या विर्पी नुर्मेला, आजचे सत्कारमूर्ती आउलिसकाका, आणि हल्लाकोस्कीच्या वेसा क्लबचे आपण उरलेले सभासद, सर्वांना माझा नमस्कार. नमस्काराच्या आधीच दुसऱ्याचं वाक्य बोलून बसले, त्याबद्दल क्षमा असावी. पण आज माझ्याकडे सांगण्यासारखं जे काही आहे, ते त्या वाक्यापासूनच सुरू होतं.

वाक्य आउलिसकाकांचं. मी नऊ वर्षांची होते. त्या ऑक्टोबरात माझे वडील गेले होते, आणि गावात जो भेटेल तो मान वाकडी करून विचारायचा, “कशी आहेस गं, हेली?” मी इथे कुंपणाला टेकून उभी होते. आपलं मैदान उन्हाळ्यात फुटबॉलचं आणि हिवाळ्यात बर्फावरच्या बँडीचं, चेंडूने खेळायच्या हॉकीचं. काका एकटेच बर्फ साफ करत होते. त्यांनी माझ्याकडे न बघता ते वाक्य म्हटलं, आणि पुढे मार्चपर्यंत मला एकही प्रश्न विचारला नाही. आम्ही दोघं रोज फावडी ओढायचो. त्या हिवाळ्यातून मी बाहेर आले ती या माणसाच्या न बोलण्यामुळे. म्हणून आज मी जी तक्रार करणार आहे, ती करताना माझी जीभ अडखळते आहे.

समितीने मला क्लबचा इतिहास सांगायला सांगितलंय, “थोडक्यात, कॉफी गार व्हायच्या आत.” तर, कागद गिरणीतल्या एकोणीस कामगारांनी आणि गावच्या सुईणीने एकोणीसशे अठ्ठावीस साली वेसाची स्थापना केली. फुटबॉल, स्कीइंग, कुस्ती, बायकांची कसरत. मैदानातले दगड हातांनी वेचले, ते अजून नदीकाठच्या भिंतीत आहेत. मग युद्ध आलं. त्या वर्षांचं इतिवृत्त मी गेल्या महिन्यात पहिल्यांदा वाचलं. पुरुष सगळे आघाडीवर. वार्षिक सभा नेमाने भरत होती, सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, कपडे बदलायच्या खोलीत, कारण तेवढीच खोली उबदार. एका वर्षीची नोंद अशी: “हजर चार. सगळ्या स्त्रिया. विषय, क्लब चालू ठेवणे. कुणाची हरकत नाही.”

चार जणी. न खेळणाऱ्या. समोर संघ नाही, सामना नाही, आणि ज्यांच्यासाठी चालू ठेवायचं त्यांतले किती परत येतील ते माहीत नाही.

विर्पी, तुम्ही बाहेरच्या, म्हणून तुम्हाला एक गोष्ट सांगते. राउनो, तू रागावू नकोस. ज्या वर्षी राउनो पहिल्यांदा अध्यक्ष झाला, त्या वर्षी आपण फुटबॉलचे गोलपोस्ट काढायचे विसरलो आणि बर्फ धरावा म्हणून मैदानात पाणी सोडलं. विसरलो हेही खरं नाही. सगळ्यांना दिसत होते. तीन दिवस वीसजण पाळीपाळीने पाण्याची नळी ओढत होते, गोलपोस्टला वळसा घालून पाणी मारत होते, आणि एकानेही विचारलं नाही. प्रत्येकाला वाटलं, असतील ठेवले, काहीतरी कारण असेल, आपण कशाला बोला? चौथ्या दिवशी खांब हातभर बर्फात घट्ट. क्लबची कॉफी सांभाळणारी हिल्क्का किटली घेऊन आली, बघून म्हणाली, “राउनो, या दोघांनाही कप देऊ का रे? थंडीत उभे आहेत बिचारे.”

“ते मुद्दाम आहे,” राउनो म्हणाला.

“मुद्दाम? मग टोप्या तरी घाल त्यांना.”

त्या हिवाळ्यात आपण बँडी खेळलो ती गोलपोस्टना चुकवत. एप्रिल संपेपर्यंत. हसा, हसा. मीही हसत आले, गेल्या नोव्हेंबरपर्यंत.

नोव्हेंबरात याच खोलीत पहिली सभा झाली; क्लब मोडायचा ठराव दोन सभांत मंजूर व्हावा लागतो. एकतीसजण होतो. राउनोने प्रस्ताव वाचला: क्लब विसर्जित करावा, मुलांनी शहरातल्या मोठ्या क्लबात जावं. मग त्याने विचारलं, “कुणाची हरकत?” कॉफीचं यंत्र गुरगुरत होतं, तेवढाच आवाज. मी हिल्क्काकडे बघितलं. हिल्क्काने खिडकीकडे. हातोडा पडला. शहाण्णव वर्षं, आणि ती मोडायला लागला एवढाच वेळ.

बाहेर गाड्यांपाशी हिल्क्का म्हणाली, “मला वाटलं तू बोलशील. शिकलेली आहेस.”

“मला वाटलं तू बोलशील.”

“मी? मी कॉफी बघत होते ना!”

दुसऱ्या दिवशी मी आउलिसकाकांकडे गेले. प्रस्तावाखाली त्यांची सही होती. म्हटलं, “काका, तुम्ही का?”

“नळी ओढवत नाही आता.”

“दुसरं कुणी ओढेल.”

“कोण?”

गिरणी बंद झाली, मागोमाग शाळा. फुटबॉलला सात मुली उरल्यात. गेल्या दोन हिवाळ्यांत मैदान नीट गोठलंही नाही. आणि एक गोष्ट मी आज सर्वांसमोर कबूल करते, तुम्हाला माहीत असली तरी. माझी पिल्वी ऑगस्टपासून शहरातल्या क्लबात खेळते. मीच नेऊन सोडते तिला, आठवड्यातून तीनदा. सात उरल्या, कारण आठवी मी नेली. ती परत येणार नाही, आणि मी तिला ये म्हणणारही नाही. तेव्हा मी इथे कोणत्या तोंडाने उभी आहे, हे मलाच नीट सांगता येत नाही.

आउलिसकाका, मैदान राखल्याच्या तुमच्या बावन्न हिवाळ्यांबद्दल हा नुसता चषक आहे. आपल्याकडे तेवढंच देतात. तो घ्या. हिल्क्काच्या वेलचीच्या पावांबद्दल, राउनोच्या सहनशीलतेबद्दल, विर्पी इतक्या दूर आल्या त्याबद्दल मनापासून आभार. माझ्या बोलण्यात कुणाला लागलं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर मला समजून घ्या. मला भाषणं येत नाहीत.

आता कॉफी होईल आणि मग दुसरी, शेवटची सभा. राउनो पुन्हा तोच प्रश्न विचारेल. या वेळी मी हरकत घेणार आहे. पण नियम तुम्हाला ठाऊक आहे: एकटीच्या हरकतीला दुसऱ्या कुणी पाठिंबा दिला नाही, तर ती मतालाही जात नाही. वाहून जाते. गेल्या चार आठवड्यांत मी अकराजणांकडे गेले. सगळ्यांनी मला कॉफी तेवढी दिली.

काका, तुमच्याकडे मी मुद्दामच आले नाही. तुम्ही सही केली आहे, आणि केलेली सही तुम्ही आयुष्यात फिरवलेली नाही. आत्ताही तुम्ही टेबलाकडे बघताय, म्हणजे उत्तर मला कळलं. तरी इथे, सगळ्यांदेखत मागते. मी हात वर केल्यावर तुम्ही एकदा, फक्त एकदाच, “पाठिंबा” म्हणाल का?