ज्यानं पाहिलं, त्यानं उभं राहावं

आजच्या समारंभाचे आणि आपल्या प्रशिक्षण संस्थेचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील आदरणीय प्राचार्य आणि उपप्राचार्य महोदय, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत ते आज निवृत्त होणारे आमचे फिटर विभागाचे निदेशक, म्हणजे आमचे सर, त्यांच्या शेजारी बसलेल्या काकू, वर्कशॉपमधली सर्व कर्मचारी मंडळी, आणि मागच्या रांगेत बसून मी तोंड उघडायच्या आधीच हसायला लागलेले माझे मित्र,

सर्वांना नमस्कार.

माइक जरा खाली घेतो. हं, झालं. हा माइक मला आवडला. बटण वर केलं की चालू, खाली केलं की बंद. आपण सांगितलं तेवढंच करतो, स्वतःची मतं मांडत नाही. अशी यंत्रं आता कमी होत चालली आहेत. आमच्या घरी कपडे धुवायचं मशीन आहे, ते काम संपलं की गाणं वाजवतं आणि झाकण उघडेपर्यंत थांबत नाही. माझी आई स्वयंपाकघरातून त्याला ओरडून सांगते, "आले रे बाबा, दोन हात आहेत मला!" इथे वर्कशॉपच्या बाहेर हात धुवायला नवीन नळ बसवलाय. त्याच्याखाली हात धरला की पाणी येतं म्हणे. आमचे हात ऑइलनं काळे झालेले असतात, ते त्याला दिसतच नाहीत. ऑफिसातल्या लोकांचे स्वच्छ हात मात्र त्याला लगेच दिसतात. म्हणजे ज्याला हात धुवायची गरज नाही, त्यालाच पाणी.

असो. मला विद्यार्थ्यांच्या वतीनं बोलायला सांगितलंय. माझी शाळा दहावीला सुटली, त्यामुळे भाषणाची सवय नाही. म्हणून सगळं कागदावर लिहून आणलंय आणि तीनदा तपासलंय. व्यासपीठावर येण्याआधी उपप्राचार्य सरांनी मला जिन्यात थांबवून प्रेमानं सांगितलं, "हे बघ, सरांबद्दल बोल. चांगलं बोल. हजेरीच्या मशीनचा विषय काढायचा नाही. आज आनंदाचा दिवस आहे. आणि तुझंही वर्ष अजून संपलेलं नाही, कळलं ना?" मी "हो सर" म्हणालो. मी शब्द पाळायचा प्रयत्न करणार आहे. मी सरांबद्दलच बोलणार आहे.

आता सरांबद्दल बोलायचं, तर सुरुवात खेळापासून करावी लागते.

अध्यक्ष महोदय, आपल्याला कदाचित माहीत नसेल. एक खेळ असतो, त्यात पट नसतो आणि सोंगट्याही नसतात. चार माणसं टेबलाभोवती बसतात. त्यातला एक सूत्रधार. तो सांगतो, "तुम्ही एका किल्ल्यात आहात, समोर बंद दार आहे, काय करता?" बाकीच्यांनी आपापलं पात्र ठरवलेलं असतं. कुणी सैनिक, कुणी वैद्य. प्रत्येकजण आपण काय करतो ते सांगतो, आणि ते जमलं की नाही ते फासा टाकून ठरतं. या फाशाला वीस बाजू असतात. इतकंच. हे ऐकून माझे मामा म्हणाले होते, "एवढा घोडा झालास, अजून घर-घर खेळतोस?" हो मामा, खेळतो.

पहिल्या वर्षी आम्ही मधल्या सुट्टीत वर्कशॉपच्या कोपऱ्यात हा खेळ मोबाईलवर फासा टाकून खेळायचो. एकदा सर मागे येऊन उभे राहिले. आमची पाचावर धारण बसली. वर्कशॉपमध्ये मोबाईल म्हणजे थेट घरी चिठ्ठी.

सरांनी विचारलं, "काय चाललंय?"

बोका, म्हणजे तो तिसऱ्या रांगेतला, आजही शर्ट खोचलेला नाही तो, घाबरून खरं बोलून गेला. "सर, आम्ही किल्ल्यात अडकलोय."

सरांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मग बाहेर कसे पडणार?"

त्या शनिवारपासून सर आमचे सूत्रधार. तास संपल्यावर मार्किंगच्या टेबलावर खेळायचं, एका अटीवर: मोबाईलचा फासा चालणार नाही. बोका म्हणाला, "सर, ॲपचा फासा एकदम निष्पक्ष असतो." सर म्हणाले, "असेल. पण तो पडताना बघायला कुणी खुर्चीतून उठतं का?" त्यांनी पितळेचा तुकडा घासून स्वतः एक फासा बनवला. काकू, माफ करा, पण तो फासा तिरका होता. दोन डावांआड सातच पडायचे. आम्ही सरांना पाठीमागे "सातसाहेब" म्हणायला लागलो. आज पहिल्यांदा तोंडावर म्हणतोय.

आमच्या टेबलावर चौथी होती ती कानस. हे तिचं खरं नाव नाही. फिटरच्या कामात लोखंड-पितळ घासायच्या हत्याराला कानस म्हणतात, आणि आमच्या बॅचमध्ये तिच्याइतकं सफाईनं कुणी घासत नाही, म्हणून कानस. खेळात तिनं चोराचं पात्र घेतलं होतं. तिचं वैशिष्ट्य असं की ती पहारेकऱ्यांना दिसतच नाही. बोका तिला चिडवायचा, "तू मुळातच कुणाला दिसत नाहीस, त्यात नवीन काय?" ती म्हणायची, "तुझा डबा रोज कोण संपवतं, ते दिसलं का तुला कधी?"

एक शनिवार मला सांगायलाच हवा. आम्ही राजाच्या तुरुंगात होतो. कानसचा आकडा मोठा पडला तर सगळे सुटणार. तिनं फासा टाकला आणि तो टेबलावरच्या वाइसच्या, म्हणजे काम घट्ट पकडायच्या शिकंज्याच्या, पायाला टेकून तिरका उभा राहिला. एका बाजूनं अठरा, दुसऱ्या बाजूनं दोन. बोका ओरडला, "दोन! दोन! मेलो आपण!" कानस म्हणाली, "तू आंधळा आहेस का? अठरा आहेत." भांडण इतकं वाढलं की स्टोअरवाले काका बाहेर आले.

सर शांत होते. ते म्हणाले, "फासा फक्त आकडा देतो. काय घडलं ते टेबलानं सांगायचं असतं. तो थांबताना ज्यानं पाहिलं, त्यानं उभं राहावं. बसून साक्ष द्यायची नाही."

का सर, असं मी विचारलं. सर म्हणाले, "उभं राहिलेला माणूस सगळ्यांना दिसतो. मग तो जरा विचार करून बोलतो."

त्या दिवसापासून तो आमच्या टेबलाचा नियम झाला. फासा अडला की सूत्रधार आकडा बघतो, मग उभ्या राहिलेल्या माणसांकडे बघतो, आणि मग काय घडलं ते सांगतो.

उपप्राचार्य सर घड्याळ दाखवतायत. दिसलं सर. अजून सरांबद्दलच चाललंय.

सरांनी आम्हाला आणखी एक गोष्ट शिकवली. घासून झालेला पृष्ठभाग डोळ्यानं बघायचा, गुण्या, म्हणजे काटकोनी पट्टी, लावून बघायचा, आणि शेवटी हातमोजा काढून उघड्या बोटानं बघायचा. गुण्याखाली न दिसणारा उंचवटा बोटाला लागतो. आम्ही बाकीचे एकदा बोट फिरवून मोकळे होतो. कानस प्रत्येक घासणीनंतर बोट फिरवते. पॉलिश पेपरही ती उघड्या बोटांनीच धरते.

मघाशी सरांना विद्यार्थ्यांकडून भेट दिली, ती अध्यक्ष महोदयांनी हातात घेऊन उजेडात धरली. आपण म्हणालात, "वा, काय सुंदर पेपरवेट आहे! एकही ओरखडा नाही. कुणी केलं हे?" त्यावर उपप्राचार्य सर म्हणाले, "आपल्याच विद्यार्थ्यांनी." हे अगदी बरोबर आहे. फक्त ते पेपरवेट नाही, साहेब. तो वीस बाजूंचा फासा आहे. भरीव पितळेचा. सरांचा तिरका होता ना, म्हणून सरळ करून दिलाय. आम्ही तो टाकटाकून पाहिला. सातसाहेब गेले. आणि तो "विद्यार्थ्यांनी" केलेला नाही. एकटीनं केलाय. गेले तीन महिने, ती रोज तास संपल्यावर वाइसपाशी उभी राहून तो घासत होती.

थोडं पाणी घेतो.

याच तीन महिन्यांत आपल्याकडे हजेरीचं रजिस्टर बंद झालं आणि बोट ठेवायचं मशीन आलं. मी शब्द दिला होता, आणि तो इथे मोडतोय. जिन्यात "हो सर" म्हणालो, कारण जिन्यात मी एकटा होतो.

वीस बाजूंवर रोज फिरून फिरून कानसच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत. ती रोज सकाळी मशीनवर बोट ठेवते. आतून एक बाई फार गोड आवाजात म्हणतात, "कृपया पुन्हा प्रयत्न करा." ती पुन्हा करते. दहाही बोटं करते. मग तास सुरू होतो, ती धावत येऊन वाइसपाशी उभी राहते, दिवसभर काम करते, आणि मशीनच्या हिशेबानं त्या दिवशी गैरहजर असते. म्हणजे तिनं जितकं जास्त काम केलं, तितकी ती जास्त गैरहजर.

ती ऑफिसात गेली. उत्तर मिळालं, "मशीन खोटं बोलत नाही." सर गेले. त्यांना सांगितलं, "सर, तुमचे आता थोडे दिवस राहिलेत, कशाला डोक्याला ताप?" या कार्यक्रमानंतर, अध्यक्ष महोदय, हजेरी कमी असल्यामुळे कुणाला परीक्षेला बसू द्यायचं नाही, त्या यादीवर आपली सही होणार आहे. त्यात ती आहे. आणि उद्यापासून सर इथे नसतील. म्हणजे तिनं काम केल्याचं अधिकारानं सांगू शकणारा माणूस आपण आज हार घालून घरी पाठवतोय.

मी यंत्रांच्या विरोधात नाही. मी फिटर आहे, यंत्रांवरच माझं पोट चालणार आहे. मशीन खोटं बोलत नाही, हे मलाही मान्य आहे. त्याला रेषा दिसल्या नाहीत, तर त्यानं तसं सांगितलं. पण ती आली नाही, हे त्यानं कुठे सांगितलं? ते आपण ठरवलं. फासा अडलाय, साहेब. आणि आपण त्याचा आकडा वाचून पुढे निघालोय.

ती आत्ता कुठे आहे, असं आपल्याला वाटेल. आज सभागृहाच्या दाराशीही तेच मशीन ठेवलंय. मागच्या काचेच्या दारापलीकडे निळ्या ओढणीतली मुलगी दिसतेय ना, ती. तिनं केलेली भेट आत आली, ती बाहेर राहिली. शिपाईमामांचा दोष नाही. हिरवा दिवा लागल्याशिवाय दार उघडायचं नाही, असं त्यांना सांगितलंय.

हो सर, संपवतोच. माइक बंद केलात तरी चालेल, मी मोठ्यानं बोलेन. माझ्या वर्षाचं जे व्हायचं ते होऊ दे.

सभागृहातल्या सर्वांना माझी हात जोडून विनंती आहे. टाळ्या नकोत. घोषणा नकोत. आमच्या टेबलाचा नियम आहे तोच. गेल्या तीन महिन्यांत त्या मुलीला वर्कशॉपमध्ये काम करताना ज्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, त्यानं उभं राहावं. ऐकून माहीत असेल, तर कृपया उठू नका. मैत्रीखातरही उठू नका.

मी उभाच आहे.

सर, सावकाश. तो हार खुर्चीत अडकलाय. काकू, तुम्ही? हो, खरंच, तुम्ही सरांचा विसरलेला चष्मा द्यायला आला होतात, आणि तिनंच तुम्हाला बसायला स्टूल दिलं होतं. स्टोअरवाले काका. ते रोज तिला कानस काढून देतात. बोक्या, नीट उभा राहा, आणि शर्ट खोच. वेल्डिंगच्या मॅडम. आमची सगळी बॅच. शिपाईमामा, तुम्ही आधीच उभे आहात, तुमचं काय समजायचं? हात वर केलात, ठीक आहे. आभारी आहे.

अध्यक्ष महोदय, आपण तिला कधी पाहिलेलं नाही. त्यामुळे आपण उठायचं कारण नाही. आपली जागा सूत्रधाराची आहे. आकडा आपल्याला माहीत आहे. समोर टेबल उभं आहे. काय घडलं, ते आता आपण सांगायचं.

मी थांबतो.

. . .

माफ करा, मागे ऐकू आलं नसेल, म्हणून मी पुन्हा सांगतो. अध्यक्ष महोदय म्हणाले, "मामा, दार उघडा." आणि आता ते प्राचार्यांना म्हणतायत, "तिचं नाव काढा त्यातून. परीक्षा देईल ती. आणि रजिस्टर पुन्हा चालू करा."

कानस, ये. थांब, थांब, त्याच्यावर बोट ठेवू नकोस! ठेवलंसच. ऐकलंत ना सगळ्यांनी? "कृपया पुन्हा प्रयत्न करा."

तू सरळ आत ये. दुसऱ्या रांगेत कडेची खुर्ची रिकामी आहे. ती माझी आहे, तू बस.

सर, तुमच्याबद्दल मी लिहून आणलेली अजून दोन पानं राहिली. ती मी तुम्हाला घरी येऊन वाचून दाखवीन. येत्या शनिवारी येऊ का? राजाच्या तुरुंगातून आम्ही सुटलो, पण किल्ल्याचं मोठं दार अजून बाकी आहे, आणि नवीन फासा तुमच्याकडे आहे.

मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्ष महोदयांचा, प्राचार्यांचा आणि संयोजकांचा मी मनापासून आभारी आहे. उपप्राचार्य सर, दिलेला शब्द मोडला, त्याबद्दल तुमची वेगळी क्षमा मागतो. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर ती कसूर माझी आहे, सरांच्या शिकवण्यातली नाही. मोठ्या मनानं पोटात घाला.

ज्यांनी ज्यांनी पाहिलं, त्यांनी आता बसलं तरी चालेल.