अंबाड्यातली शेवंती

अमरावती पोलीस ठाणे. चैत्र महिना, सन १९२७.

मी पार्बताबाई, नवऱ्याचे नाव सहदेव, वय अदमासे पंचेचाळीस, धंदा फुलांचा मळा, राहणार वडाळी, तालुका अमरावती. ठाणेदार साहेबांनी विचारल्यावरून समक्ष सांगते ते असे:

कॅम्पातल्या बंगल्यावर मी रोज फुले घालते. तिथले साहेब मोडीत निघालेल्या जहाजांचे सामान जमवतात. घंटा, कंदील, सुकाणूची चाके यांनी व्हरांडा भरला आहे. जहाजाच्या नाकावर बसवतात तशी एक कोरीव लाकडी बाहुलीही तिथे होती. गोरा रंग, पिवळे केस, पाय नाहीत, छाती पुढे काढून दूर पाहणारी. मानेमागे अंबाडा आणि अंबाड्यात तडा.

हे सामान साहेबांना मुंबईच्या संग्रहालयात द्यायचे आहे. म्हणून होळीनंतर त्यांनी बाहुली ताहेर सुताराकडे तडे बुजवण्यास दिली. ताहेर माझा शेजारी. बैलगाड्या करतो, लग्नाचे पाटही कोरतो. त्याने ती माझ्या मळ्यातल्या हौदात बुडवली. मी म्हटले, "ताहेरभाऊ, हिले काहून बुडवून राह्यला?" तो म्हणाला, "माय, हे पान्यातली बाई. आपल्या वऱ्हाडात वाळून तडकून राह्यली. गाडीचं चाक भिजवलं का फुगून सांधा धरते, तसं हे बी धरन."

सांधा धरला. पण रंगाचे पापुद्रे हौदावर तरंगले. खाली सावळे सागवान निघाले, आपल्याकडच्या बायांसारखे. ताहेर हौदाच्या काठावर डोके धरून बसला. त्या दिवशी त्याच्या घरी चूल पेटली नाही. त्याची बायको बिस्मिल्लाबी हिला भाकरी मी नेऊन दिली.

साहेब म्हणतात, ही आपली नव्हे. ताहेरने खरी विकून ही नवी कोरून आणली. हे साफ खोटे आहे. ताहेरने चूक केली, चोरी केली नाही.

कशावरून, असे विचारल्यावरून सांगते की, हिवाळाभर मी तिच्या अंबाड्याच्या तड्यात शेवंती खोवत असे. मला तसे कोणी सांगितले नव्हते. "बाईमानूस दारात उभं अन् अंबाडा सुना, मले पाहावत नोतं." तडा आता फुगून मिटला आहे, तेव्हा देठे आतच असतील. नव्या बाहुलीत खोवायला या दिवसांत शेवंती कोणाच्याच मळ्यात नाही.

यावरून ठाणेदार साहेबांनी बाहुली टेबलावर पालथी ठेवविली आणि तडा उघडण्यास ताहेरलाच पटाशी दिली. त्याने आधी अंबाड्यावरून हात फिरवला, मग पटाशी लावली. शेवंतीची दोन-तीन काळी पडलेली देठे निघाली. बंगल्यावरच्या साहेबांनी ती तळहातावर घेतली आणि ताहेरकडे पाहून मान खाली घातली.

ताहेरला घरी सोडावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

लिहिलेला जबाब मला वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणेच आहे. फक्त जिथे जिथे 'बाहुली' लिहिले आहे, तिथे मी 'बाई' म्हटले होते. तेवढे सुधारून घ्यावे, मग अंगठा करीन.