पट्टीजवळचं पान

सकाळचे ऊन बसच्या धुळकट काचेवर आले, क्षणभर तिथेच रेंगाळले, आणि बाकाच्या पाठीवरून ओघळत नदीत रोवलेल्या मोजपट्टीवर पाण्याची पातळी वाचणाऱ्या तरुणाच्या हातांवर येऊन थांबले. पुढच्या बाकावर पाणीपुरवठ्याचा पंपवाला आणि नदीच्या खालच्या अंगाला दिलेली त्याची थोरली बहीण बोलत होती.

"पंप बंद कर बाबा. आमच्याकडे नदीत टिपूस नाही."

"ताई, नदी वाहतेय तोवर उपसा चालू ठेवायचा, असा हुकूम आहे. मोजणीवाला रोज पट्टी वाचतो. गुडघाभर पाणी आहे म्हणतो."

"पट्टी डोहात आहे, तिथे असेल गुडघाभर! वाहतंय का?"

"ते तो जाणे."

"काल मी पट्टीपाशी वाळकं पान टाकलं नि संध्याकाळपर्यंत काठावर बसले. जागचं हललं नाही रे."

"वारा पडला असेल."

"नदीला वाहायला वारा लागतो होय, शहाण्या? माझी गुरं काय तुमची पट्टी चाटतील?"

मागच्या बाकावरचा, रोज पट्टी वाचली की पाण्याकडे न पाहताच पाठ फिरवणारा तो तरुण उठला. त्याने पंपवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"पंप बंद करा," तो म्हणाला. "नदी वाहत नाही."