मंत्र्यांची बायको

तुम्हाला सांगते, त्या दिवशी मी आमच्या वस्तीतल्या, तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, चहा घेत होते. आमचे बांगलादेशी शेजारी रफिकभाई फोन बघत म्हणाले, "भाभी, आमच्या बांगलादेशच्या मंत्र्यांची बायको गेली. हॉस्पिटलमधली."

"बायको? मंत्री त्याच होत्या. नवरा शाळामास्तर."

"सगळे असंच म्हणतात, भाभी."

मला संताप आला. ह्यांच्या आजारपणात हॉस्पिटलात त्या शेजारच्या खोलीत होत्या. त्यांच्या भाच्यानं फॉर्मवर व्यवसायापुढे 'गृहिणी' लिहिलं, तर त्यांनी ते खोडून 'राजकारण, चाळीस वर्षं' असं लिहिलं. मला हिंदीत म्हणाल्या, "तू लिहितेस ना? माझ्यावर लिही. नाहीतर हे लोक मला कुणाची तरी बायको करून टाकतील."

मी हो म्हटलं. पुढच्या आठवड्यात हे गेले.

त्या बाईंवर मी अजून एक ओळही लिहिलेली नाही.