हळदीच्या मांडवातला पहिला ग्लास

मंडळी, जरा पुढं सरका आणि सांगा – पोरं दारू प्यायला शिकतात ती कुणाकडं बघून? काय म्हणालात? सिनेमातल्या हिरोकडं बघून! वा! म्हणजे गुन्हेगार सापडला, आपण सुटलो! – तर मग ऐका.

खाडीकाठच्या गावात हसुराम भोईर नावाचा गृहस्थ. मुलाचं, प्रणयचं लग्न ठरलं. आता आपल्याकडची हळद कशी असते? हळद वाटीभर, दारू पिंपभर! हसले बघा मागचे काका – त्यांना कळलं!

पण प्रणय म्हणाला, "बाबा, माझ्या हळदीला दारू नाय. डीजे पन नाय. बामीबाय गानार."

बामीबाय म्हणजे गावातली शेवटची धवलारीण, लग्नाची जुनी गाणी म्हणणारी. डीजेपुढं तिचा आवाज दहा वर्षांत कुणी ऐकला नव्हता!

हसुराम म्हणाला, "अरे, भावकीतला एक मानूस फिरकायचा नाय! रिकामा मांडव दाखवतोस बापाला?"

बापाचं काळीज! त्यानं गुपचूप दारूची चार खोकी आणून पडवीत मासेमारीच्या जाळ्यांखाली लपवली.

हळदीचा दिवस. दुपारचे चार. मांडवात कोण? प्रणयचे वीस मित्र – बस्स! हसुराम पडवीत धावला, खोकं ओढलं. बघतो तर दारात प्रणय!

हसुराम उसळला, "त्या हिरोसारखे केस कापलेस, त्याची जाहिरात बघून पार्ट्या केल्यास! आता मोठा साधू झालास?"

"हिरो आपल्या घरी कधी आला नाय, बाबा. काकाच्या हळदीला पयला ग्लास तुमी दिलात. 'आता मरद झालास' बोललात. नववीत होतो मी. मला हिरो तुमीच वाटलात."

अहाहा! काय बोललं पोरगं! आणि रागानं नाही हो – हळदीच्या हातानं बापाचा हात धरून!

तेवढ्यात मांडवातून बामीबायचा आवाज आला. थरथरता, म्हातारा, पण काय आवाज! आळीआळीतून बाया निघाल्या. एरवी हळद म्हटली की पोरांना घेऊन दाराला कडी लावणाऱ्या बाया – त्या आज पुढं येऊन बसल्या! त्यांच्यामागं भावकीतले पुरुष, खाली माना घालून. मांडव भरला, मंडळी! मांडव भरला! आणि ती वीस पोरं? जमिनीवर मांडी घालून, डोळे मिटून ऐकत होती!

हसुराम खोकं उचलून मांडवाच्या मधोमध आला. गाणं थांबलं. तो म्हणाला, "हे मी आनलं. पोरांनी नाय. माज्या पोराला पयला ग्लास पन मीच दिला."

भावकीतल्या त्या पुरुषांत एकालाही मान वर करवेना!

आता तुम्ही सांगा – तुमच्या मुलाला, पुतण्याला, भाच्याला पहिला ग्लास कुणी दिला? नाव मोठ्यानं घेऊ नका, शेजारी बायको बसलीय! पण उद्या सकाळी त्याला जवळ बसवा आणि दोनच शब्द बोला – 'मी चुकलो.' ते जमलं, की मग या कीर्तनात टाळ हातात घ्या.