मदन महलच्या चढावरची टेस्ट

खरं सांगतो, कार चालवायला शिकलो, पण घरात आजवर स्कूटरच आहे. तरी टीव्हीवरचा तो गाड्या पळवून पाहायचा कार्यक्रम मी एकही रविवार चुकवत नाही, वहीत टिपणंही काढतो. म्हणून बायकोचा भाऊ विनू जुनी कार पाहायला निघाला, तेव्हा मला तज्ज्ञ म्हणून सोबत घेऊन गेला.

गाडी एका रिटायर्ड काकांची होती, पोरीसारखी जपलेली. विनूला ती पाहताक्षणीच आवडली. मी स्टिअरिंगवर बसलो, काका शेजारी, विनू मागे. मदन महलच्या चढावर गाडी कण्हायला लागली.

"भाऊजी, सांगा न, कशी आहे?"

टीव्हीवाल्यासारखा जरा थांबून मी निकाल दिला. "पिकअप नाही. शिवाय जळका वास येऊन राहिला."

काका शांतपणे म्हणाले, "भाईसाहब, पहले हँडब्रेक तो नीचे कीजिए."

परतल्यावर विनू घाईनं म्हणाला, "अंकलजी, गाड़ी हमको पसंद है."

काकांनी किल्ली खिशात टाकली. "अब नहीं बेचना."

"अरे, लेकिन चलाऊँगा तो मैं!"

काकांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. "ये आपके जीजाजी हैं. घर तो आते-जाते रहेंगे ना?"